टाच, उंबरा आणि सुखतळा

आखाडा बाळापुरात लंगडणं ही खासगी बाब राहत नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या आमच्या गावात कुणी नवी मोटारसायकल घेतली तर लोक एकदा विचारतात. कुणी लंगडायला लागलं तर रोज विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आधी औषध सांगतात. "कामून लंगडायलाव, सर?" इथून सुरुवात होते. "टाच दुखायली" एवढं म्हणायचा अवकाश, की मोंढ्यातल्या हमालापासून मेडिकलवाल्यापर्यंत जो तो आपापल्या टाचेचा इतिहास उघडून बसतो. निम्मं गाव टाच उचलून चवड्यावर चालतं, हे मला माझी टाच दुखायला लागल्यावरच दिसलं.

या दुखण्याची तऱ्हाच संशयास्पद आहे. रात्री झोपताना माणूस धडधाकट असतो. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल फरशीवर टेकतं आणि तोंडातून जो शब्द निघतो तो शिक्षकाच्या तोंडी शोभणारा नसतो. थोडं इकडं-तिकडं चाललं की कळ ओसरते. म्हणजे ओरडणं ऐकून घरातली माणसं धावत येतात, तेव्हा तुम्ही व्यवस्थित चालत मोरीकडं निघालेले असता. "आत्ता तर बोंबलत होतात!" दुपारी तासभर बसून उठलं की पुन्हा तोच प्रयोग. घरच्यांना नाटक वाटावं अशीच या रोगाची रचना आहे.

तळव्याच्या कातडीखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला म्हणतात प्लांटर फॅशिया. पावलाची कमान तो धनुष्याच्या दोरीगत ताणून धरतो. तासन्‌तास उभं राहून, वजन वाढून, पोटऱ्या आखडून, पातळ तळाच्या चपला घालून हा पट्टा टाचेच्या हाडाला जिथं चिकटलेला असतो तिथं दुखावतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडून बसतो, आणि सकाळचं पहिलं पाऊल त्याला एकदम ताणतं. हा झाला प्लांटर फॅसिआयटिस. चाळिशी ते साठीच्या माणसांना तो जास्त गाठतो. इंग्लंडात याला 'पोलिसाची टाच' म्हणत, कारण तिकडचा पोलीस पायी गस्त घालायचा. आमचा पोलीस मोटारसायकलवर असल्यानं तो मान इथं शिक्षक, एसटीचे कंडक्टर, कापडदुकानातली पोरं आणि ओट्यापुढं उभ्या राहणाऱ्या बाया यांच्याकडं आला आहे. सुश्रुतानं वातकंटक नावाचं पायाचं दुखणं सांगितलंय, ते वैद्य मंडळी याच्याशी जुळवतात. मी रजेच्या अर्जात इंग्रजी नाव लिहिलं तर मुख्याध्यापकांनी खुर्ची मागं सरकवत विचारलं, "पसरतो का हो?" दुसऱ्या अर्जात वातकंटक लिहिलं. रजा मंजूर झाली आणि वर त्यांनी एका काढ्याची कृतीही दिली.

उपचारांची सुरुवात अर्थातच हळदीनं झाली. आमचा कळमनुरी तालुका आणि शेजारचं वसमत म्हणजे हळदीचा मुलूख. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा ठिकाणी टाच दुखली तर लोक दुसरं काय सांगणार? हळद-चुना, हळद-मीठ, हळद-तुरटी, आंबेहळद. पाळीपाळीनं सगळं बांधून झालं. टाच होती तशीच राहिली. चादर, मोजे आणि खाटेचा एक पाय मात्र पक्के पिवळे झाले. शेजारच्या काकूंनी आत डोकावून विचारलं, "घरात लगीन निघालंय का?" आणि एका ओळखीच्या शेतकऱ्यानं खरा हिशोब मांडला: "एवढी हळद पायाला कामून लावायलाव, सर? भाव वाढल्यावर इकली असती तर नांदेडचा डॉक्टर झाला असता."

मग आईची पाळी आली. वीट तापवायची, तिच्यावर रुईची पानं अंथरायची आणि पानांवर टाच दाबून धरायची. जुना, घरोघरचा उपाय. अडचण विटेची होती, कारण चूल गेली आणि गॅसवर वीट ठेवायला बायको तयार होईना. अखेर गल्लीतल्या घरकुलाच्या बांधकामावरून लाभार्थ्याच्या परवानगीनं एक वीट आणली, शेकोटीत तापवली आणि मी तिच्यावर उभा राहिलो. विटेवर उभं राहायची सवय फक्त पंढरीच्या राण्याला, आणि त्याची वीट गरम नव्हती. शेक लागतो तोवर बरं वाटतं, हे मात्र कबूल. साखरेचा आजार असलेल्यांनी या विटेच्या वाटेला जाऊ नये; त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते आणि टाच भाजली तरी कळत नाही.

एका हितचिंतकानं बिब्बा सुचवला. बिब्ब्याचा चटका दिला की टाच दुखायची थांबते म्हणाला. एका अर्थी ते खरंच असावं. बिब्ब्यानं उठलेले फोड असे पेटतात की टाचेची आठवण राहत नाही. मी हात जोडून निघालो. मेव्हण्यानं अ‍ॅक्युप्रेशरच्या चपला भेट दिल्या, तळाला हिरवे टोकदार काटे असलेल्या, जत्रेत मिळतात त्या. दुखऱ्या टाचेवर भार टाकून त्या काट्यांवर एकदा उभा राहिलो. मेव्हण्याच्या मनात नेमकं काय होतं, हे बायकोला विचारण्यात अर्थ नव्हता.

शेवटी नांदेड. आमच्या भागात दुखणं अधिकृत होतं ते नांदेडच्या डॉक्टर लेनमधून जाऊन आल्यावरच. तोवर तो नुसता ठणका असतो. एक्स-रे निघाला. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूनं एक बारीक चोच आलेली दिसली. मी बाळापूरला परत पोचायच्या आत बातमी पोचली होती: सरांचं हाड वाढलंय. "सोयाबीन वाढंना, भाव वाढंना, तुमचं हाड बरं वाढायलं!" खरी गोष्ट अशी की ही चोच दुखणं नसलेल्या कितीतरी माणसांच्या टाचेत सापडते, आणि टाच दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत ती नसते. म्हणून ती कापायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. व्यायाम, थोडी विश्रांती, बरी पादत्राणं आणि धीर यांवर बहुतेकांची टाच साधारण वर्षाच्या आत-बाहेर बरी होते. हे ऐकून शेतकरी मित्र म्हणाला, "म्हंजे हळदीपेक्षा उशिरानं निघणारं पीक हाय हे."

नांदेडच्या त्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीच्या दारावर पाटी होती: 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.' मी काढल्या. बर्फासारख्या टाइल्सवरून कण्हत आत गेलो. जाड तळाचे बूट घातलेल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला आणि निक्षून सांगितलं, "अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. अगदी घरातसुद्धा." मी मान हलवली आणि अनवाणी बाहेर आलो.

इथंच सगळा पेच आहे. टाचेचे सगळे उपाय चपलेच्या आत, आणि आपला सगळा संसार चपलेच्या बाहेर. जुन्या घरात शेणानं सारवलेली जमीन होती, पाय टेकला की थोडं तरी ऐकून घ्यायची. मग शहाबादी फरशी आली, आता आरशासारख्या टाइल्स. जमीन दर पिढीला कडक होत गेली आणि नियम तसाच राहिला. मी घरात घालायला म्हणून नवी कोरी, जाड तळाची चप्पल आणली तेव्हा आई देवघरातून बाहेर आली.

"घरात चप्पल? माय माय! लक्ष्मी दारातूनच माघारी जाईल."

"आई, ही चप्पल बाहेर गेलेलीच नाही. फक्त घरातली आहे."

"ते लक्ष्मीला काय माहीत?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, वैद्यकशास्त्राकडंही नसावं. अखेर तह झाला. बैठकीत चप्पल चालेल. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर काढायची. देवघराकडं बोट करून ठेवायची नाही. पाहुणे आले की पायात नसावी, कारण लोक काय म्हणतील. आणि पाहुणे आमच्याकडं रोज येतात.

घराबाहेर तर बघायलाच नको. शाळेत पहिलीच्या वर्गाची फरशी अक्षरांनी आणि अंकांनी रंगवलेली; पोरं तिच्यावर बसून शिकतात, म्हणून गुरुजींच्याही चपला दाराबाहेर. मी रोज उघड्या टाचेनं 'क'वरून 'ज्ञ'पर्यंत जातो. कापडदुकानात गादीवर बसायचं, चपला पायरीवर. मोबाईल दुरुस्तीच्या टपरीएवढ्या दुकानातही आता टाइल्स बसल्यात आणि पाटी लागलीय. देवाच्या दारात तर तक्रारीला जागाच नाही. औंढा नागनाथाला गेलो तर दगडी फरसबंदी, आणि दर्शन म्हणजे तळघरातल्या गाभाऱ्यात अरुंद वाटेनं उतरायचं. माझ्यामागं रांग तुंबली होती आणि मी एकेका पायरीशी वाटाघाटी करत होतो.

तसा आमच्या जिल्ह्यात पाय कुठं ठेवावा हा प्रश्न फार जुना आहे. नरसीचे नामदेव महाराज गुरूच्या शोधात औंढ्याला आले तेव्हा विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते, अशी कथा आहे. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, देव नाही अशी जागा दाखव, तिथं ठेवतो. नामदेवांना ज्ञान झालं. मला हीच कथा दरवेळी दुकानाच्या पायरीवर आठवते, फक्त माझा प्रश्न उलटा असतो: टाइल्स नाहीत अशी जागा दाखवा, तिथं ठेवतो.

एवढं असूनही बुटात घालायचा सुखतळा, म्हणजे हल्ली ज्याला इनसोल म्हणतात तो, शोधणं भागच होतं. पहिला धडा दुकानात मिळाला. दुकानदारानं विचारलं, "कशात घालायचाय?" मी पायातली चप्पल दाखवली. तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य. इनसोल बसायला बूट लागतो, तोही जरा खोल, आणि आतली मूळची पातळ गादी निघणारा. नाहीतर नवा सोल जुन्यावर चढतो आणि टाच बुटाबाहेर येते. बाळापुरात बूट घालणारे दोन प्रकारचे: पोलीस आणि नवरदेव. नवरदेवाचेही मेव्हण्या पळवतात.

मग बूट पाहणं आलं. मागची टाचेची वाटी चिमटीत दाबली तर सहज चेपायला नको. बूट बोटांपाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. खरेदी संध्याकाळी करावी, दिवसभरात पाय थोडे फुगतात. आणि दुकानात बोट खुपसल्यावर जो सोल लोण्यासारखा मऊ लागतो तो बहुधा महिन्याभरात पापड होतो. कमानीखाली थोडा कडक, टाचेखाली थोडा मऊ असा हवा. हे सगळं तपासताना मी एकेक बूट मुरगाळून, दाबून, वाकवून परत ठेवत होतो. शेवटी दुकानदारच म्हणाला, "सर, बैलबाजारात दात बघतात तसं चाललंय."

कमान किती आहे हे बघायला पाय ओला करून फरशीवर ठसा उमटवायला सांगतात. मी उमटवला. सगळा तळवाच उमटला, कमानीचा पत्ता नाही. बायकोनं वाकून पाहिलं. महालक्ष्म्यांच्या सणाला ती दारापासून मखरापर्यंत मुठीच्या ठशानं पावलं काढते. त्या पावलांना काय सुरेख कमान असते! "यापेक्षा माझ्या मुठीला कमान जास्त आहे," ती म्हणाली. महालक्ष्म्या इतक्या लांबून येतात आणि टाच दुखली अशी त्यांची तक्रार कुणी ऐकलेली नाही, याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

पुढचा प्रश्न: तयार सोल घ्यावा की पायाचा साचा काढून खास बनवून घ्यावा? तयार सोल काही शे रुपयांत, साच्याचा हजारांत. एका दुकानात मला संगणकावर पायाचं लाल-पिवळं-निळं चित्र दाखवलं. चित्र देखणं होतं, किंमत ऐकल्यावर लाल भाग माझ्या तोंडावर आला. घरी येऊन वाचत बसलो. ऑस्ट्रेलियात लँडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३५ रुग्णांचे तीन गट करून एका गटाला नुसता दिखाऊ, एकाला तयार आणि एकाला साच्याचा सोल दिला. अभ्यास २००६ साली छापून आला. तीन महिन्यांनी खऱ्या सोलवाल्यांना चालण्या-फिरण्यात थोडा फायदा दिसला, पण तयार आणि साच्याच्या सोलात म्हणण्यासारखा फरक नव्हता. वर्षानंतर तर तिन्ही गट जवळपास सारखेच. हा निकाल मी बायकोला वाचून दाखवला. "म्हणजे काही नाही घातलं तरी वर्षानं बरं होणार?" ती म्हणाली. संशोधनाचा इतका थोडक्यात सारांश मी कुठं वाचला नव्हता. पण ते मधले तीन महिने मलाच चालायचे होते, म्हणून तयार सोल घेतला.

तो बुटात मावेना. पुढून कापावा लागणार होता आणि घरातल्या कात्रीनं मान टाकली. रस्त्याकडंला छत्री लावून बसणाऱ्या चप्पलवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी सोल हातात घेऊन उलटापालटा केला, जुनी गादी काढून त्यावर ठेवली, रापीनं एका फिरकीत कापला आणि बसवून दिला. मग म्हणाले, "सुखतळा चांगलाय सर, पण घरी काय घालताव?" हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. घरची हकीकत ऐकून त्यांनी पेटीतून एक करडी-काळी, बिनशोभेची चप्पल काढली. "एमसीआर. दिसायला काही नाही, पण टाच नाव घेणार नाही."

या साध्या चपलेला इतिहास आहे. एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर, आत बारीक हवेच्या पोकळ्या असलेलं. कुष्ठरोगानं ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली, त्यांना टोचलेलं, भाजलेलं कळायचं नाही, जखमा व्हायच्या आणि पाय जायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी या रुग्णांच्या हातापायांवर आयुष्य घातलं, आणि तळव्यावरचा दाब वाटून देणाऱ्या अशा रबराच्या चपलांचा त्या कामात मोठा वाटा होता. आजही कुष्ठरोग कार्यक्रमात एमसीआर चपला दिल्या जातात. ज्यांना पाय दुखल्याचं कळत नव्हतं त्यांच्यासाठी घडलेली चप्पल, ज्यांना फार कळतं त्या आमच्यासारख्यांच्या कामी आली. कोल्हापुरीबद्दल मला आदर आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ साली तिच्यासारख्या चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं मिरवल्या. पण सपाट आणि कडक ती तिथंही होती. मिलानचे मॉडेल रॅम्पवरून एकदाच चालत गेले. त्यांना बाळापूरचा आठवडी बाजार करायचा नव्हता.

खरं काम मात्र व्यायामानं केलं, आणि तो फुकट असल्यामुळं त्यावर कुणाचा विश्वास नाही. सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी पायाची बोटं हातानं मागं ओढून धरायची. मग भिंतीला दोन्ही हात टेकून, एक पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, पोटरी ताणायची. मी हा व्यायाम शाळेच्या व्हरांड्यात केला. एक पालक धावत आले: "भिंत पडायली का, सर?" इमारतीची अवस्था पाहता प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायची, हाही उपाय. लोडशेडिंगच्या दिवसांत ती गोठेपर्यंत लाइट जाते. एकदा नीट गोठली, तर मुलानं तीच बाटली पाहुण्यांपुढं नेऊन ठेवली. पाणी गार असल्याचं त्यांनी दोनदा कौतुक केलं. आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता बसून राहिलो. वजन कमी करा, असंही सांगितलं होतं. पण ज्या तालुक्यात वारंगा फाट्याची खिचडी आहे तिथं हा सल्ला देणाऱ्यानं आधी ती खाऊन बघावी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जोडो यात्रा नांदेडहून कळमनुरी-हिंगोलीकडं चालत गेली, तेव्हा सगळ्यांनी चेहरे पाहिले. आता ते फोटो समोर आले की मी बूट पाहतो. नरसीहून पंढरीला निघालेली दिंडी दिसली की वीणेकरी बुवांच्या टाचेकडं नजर जाते. आणि याच सवयीतून एका सकाळी आईच्या पायांकडं लक्ष गेलं. ती भिंत धरून उठली, पहिली चार पावलं चवड्यावर टाकली आणि मग नीट चालायला लागली. विचारलं तर म्हणाली, "ते होय? ते तर तू पाचवीत होतास तवापासून हाय." हळद निंदताना, काढताना, ओट्यापुढं, नळावर, बिनचपलेच्या घरात. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून गावानं तिला औषधही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी एमसीआरचा दुसरा जोड आणला. ती म्हणाली, घरात चप्पल घालणार नाही. मी म्हटलं, ही चप्पल नाही, औषध आहे. बराच विचार करून तिनं ती पायात घातली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचल्यावर काढली नाही. तेव्हापासून आमच्या तहातलं ते कलम बाद आहे.

वाचकांपैकी ज्यांची टाच सकाळी बोलते त्यांनी हळद भाजीत घालावी, पोटऱ्या ताणाव्यात, तयार सोलनं सुरुवात करावी. टाच सुजली, बधिर झाली किंवा रात्री झोपूनही ठणकत राहिली तर डॉक्टर गाठावा. आणि हाडांच्या तमाम डॉक्टरांना एका रुग्णाची हात जोडून विनंती आहे: बाकीच्या गावानं काय करायचं ते करू द्या, तुमच्या दारावरची तेवढी 'चपला बाहेर काढाव्यात'ची पाटी काढा. फरशी आम्ही पुसून देऊ.